बखर एका ओढ्याकाठच्या नावाची

आमच्या राहात्याकडे 'जर्मन' हा शब्द आधी माणसाला लागत नाही, भांड्याला लागतो. दूध तापवायचं ते जर्मनचं पातेलं, पाहुणे आले की काढायचा तो जर्मनचा टोप. जुन्या बायका तर 'जर्मल' म्हणायच्या. ॲल्युमिनियम हा शब्द शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात भेटला, तोवर जर्मनी हा हलक्या, चमकदार आणि आपटला की पोचे पडणाऱ्या धातूचा देश असावा, अशीच माझी समजूत होती. बोहारणीने सांगितलेला भूगोल पुसायला शाळेला बरीच वर्षं लागतात.

दुसरा जर्मन शब्द कानावर आला तो 'बाखर'. त्याच्यापुढे 'बाबा' जोडलेलं असे, त्यामुळे तो परका आहे हे लक्षातच आलं नाही. या तालुक्यात 'बाबा' म्हटलं की आधी शिर्डी डोळ्यांपुढे येते. साईबाबांचं फिरणं एका बाजूला निमगाव आणि दुसऱ्या बाजूला राहाता एवढ्याच हद्दीत होतं, असं साईचरित्र सांगतं. बाखर बाबा मात्र संगमनेरच्या पठारावर, नगरच्या उजाड टेकड्यांवर, दगडधोंड्यांतून फिरणारे. फादर हर्मन बाखर हे मूळचे स्वित्झर्लंडचे येशूसंघी धर्मगुरू. इंग्रजी स्पेलिंग बघून वाचणारा त्यांना बॅचर करतो, थोडं ऐकून माहीत असणारा बाकर म्हणतो. जर्मनमध्ये त्या नावातला मधला उच्चार घशातून खरवडून येतो, उर्दूतल्या 'ख़बर'मधल्या ख़सारखा. मराठी तोंडात त्याचा सरळ 'ख' झाला आणि नाव आपल्या 'बखर' या शब्दाच्या शेजारी जाऊन बसलं. बखर हा शब्दही त्याच 'खबर'मधली अक्षरं उलटीसुलटी होऊन आला असं मानतात. म्हणून या नावाची बखर लिहायला घेतली.

अर्थ अगदी साधा आहे. जर्मन भाषेत 'बाख' म्हणजे ओढा, ओहोळ. त्याला 'एर' प्रत्यय लागला की ओढ्याकाठचा माणूस. आपण नगरकर, पुणेकर म्हणतो ना, तसाच हा 'एर'. जगातला थोर संगीतकार बाख त्याच ओढ्याचा, ऑफेनबाख आणि आन्सबाख ही गावं त्याच ओढ्याची. आपल्याकडेही आजऱ्याजवळ आंबेओहोळ आहेच. आता 'बाखर' हे प्रत्येक घराण्यात ओढ्यावरूनच आलं असेल असं मात्र नाही. मध्य युरोपातल्या काही ज्यू घराण्यांत हेच आडनाव 'बाखुर' या हिब्रू शब्दावरून आल्याचं सांगतात. बाखुर म्हणजे तरणा मुलगा, धर्मग्रंथ शिकणारा विद्यार्थी. आडनावांचं असं असतं. दोन वेगळ्या विहिरींचं पाणी एकाच हौदात येतं आणि मग कोणतं कुठलं ते चवीवरून कळत नाही.

जर्मन भाषिक मुलखात बाराव्या शतकाच्या आधी आडनाव हा प्रकार जवळजवळ नव्हता. एक नाव पुरायचं. मग शहरं वाढली, कर गोळा होऊ लागले, जमिनीचे कागद होऊ लागले, आणि एका गल्लीत पाच योहान निघाले. कारकुनाला प्रश्न पडला, कोणता योहान? गिरणीवाला, लोहार, की ओढ्याकडचा? राइन नदीकाठच्या शहरांतून आणि दक्षिणेकडून ही पद्धत हळूहळू पसरली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ सगळीकडे रुळली. ज्यू लोकांवर कायम आडनाव घेण्याची सक्ती त्यानंतर झाली, ऑस्ट्रियात १७८७ साली आणि प्रशियात १८१२ साली.

ही नावं कशावरून पडली ते पाहिलं की आपल्याच गावची हजेरी वाचल्यासारखं वाटतं. गावप्रमुख, जो लोकांना देणं चुकवायला लावायचा, तो शुल्ट्स. आपला पाटील. मोठ्या जमीनदाराचा कारभारी तो मायर. लिहिणारा तो श्रायबर, म्हणजे कुलकर्णी. केसांवरून, रंगावरून, खोडीवरून पडलेली नावं तर ढिगाने. आपल्याकडेही काळे, गोरे, पांढरे, टकले, बोबडे काही कमी नाहीत.

एका ठिकाणी मात्र जोडी जुळत नाही, आणि मला तेच जास्त रंजक वाटतं. जर्मनीत सगळ्यांत जास्त लोकांचं आडनाव म्युलर आहे. म्युलर म्हणजे दळणारा, पाणचक्कीवाला. गावाला एक चक्की, ती ओढ्यावर बसवलेली, आणि तिचा मालक सगळ्या गावाच्या तोंडी. आपल्याकडे दळणाऱ्याचं आडनाव का नाही? कारण आपल्याकडे दळण ओढ्यावर गेलंच नाही. ते पहाटे घरात जात्यावर बसलं आणि बाईच्या हाती राहिलं. बाईच्या कामावरून घराण्याला नाव कोण देणार? जर्मनीतल्या दळणाने आडनाव दिलं, आपल्या दळणाने ओव्या दिल्या.

ही जर्मन नावं नगर जिल्ह्यात आली कशी, ते सांगायला थोडं मागं जावं लागतं. ख्रिस्ती धर्म नगरला आणला तो अमेरिकन मराठी मिशनने, १८३१ साली. ते प्रॉटेस्टंट. कॅथलिकांच्या बाजूने १८५४ साली पुण्याचं आणि पाठोपाठ मुंबईचं काम जर्मन येशूसंघीयांकडे आलं. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली याच मंडळींनी काढलं. पण ही सारी शहरातली आणि छावणीतली कामं. नगरच्या खेड्यात पाय पडला तो १८७८ साली, राहुरी तालुक्यातल्या केंदळ गावात. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ नुकताच माणसं खाऊन गेला होता. केंदळला गेलेल्या धर्मगुरूंचं नाव फादर ओट्टो वाइसहाउप्ट.

वाइसहाउप्ट म्हणजे पांढरं डोकं. कोणा पूर्वजाचे केस लवकर पिकले असतील किंवा जन्मापासूनच सोनेरी-पांढरे असतील, शेजाऱ्यांनी नाव ठेवलं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चिकटलं. मराठीत पांढरे हे आडनाव आहे आणि डोकेही आहे, फक्त दोन्ही एका घरात नांदत नाहीत. याच आडनावाचा ॲडम वाइसहाउप्ट हा बव्हेरियातला प्राध्यापक. तो येशूसंघीयांच्याच शाळेत शिकला आणि १७७६ साली त्यांच्याविरुद्ध 'इल्युमिनाती' ही गुप्त मंडळी काढून बसला. आजही जगातल्या सगळ्या कारस्थानांचं खापर लोक त्या मंडळीच्या डोक्यावर फोडतात. केंदळच्या ओट्टोला कसलंही कारस्थान करायला सवड नसावी. दुष्काळानंतरचं राहुरीकडचं खेडं हे माणसाला भरपूर काम पुरवतं.

केंदळनंतर वळण, संगमनेर, राहाता, पुढे हरेगाव अशी ही ठाणी वाढत गेली. १८८६ साली पुणे हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि नगर जिल्हा त्यात आला. त्याचे पहिले बिशप बर्नार्ड बायडरलिंडेन. हे आडनाव मला सगळ्यांत लोभस वाटतं, कारण ते आडनाव नाहीच, ते अख्खं पत्ता सांगणारं वाक्य आहे. 'बाय डेर लिंडेन' म्हणजे लिंडेनच्या झाडापाशी. लिंडेन हे जर्मन खेड्याचं पाराचं झाड. त्याच्याखाली गावसभा भरायची, न्यायनिवाडा व्हायचा, सणाला नाच व्हायचा. आपल्याकडे पिंपळे आहेत, चिंचवडे आहेत, आंबेकर आहेत. पण 'पारापाशी' असं आडनाव कुणी घेतलेलं माझ्या ऐकिवात नाही. पारापाशी बसणारे मात्र राहात्यात पुष्कळ.

त्यांच्यानंतर १९०७ साली आले हाइनरिख डोरिंग. डोरिंग म्हणजे थुरिंगियाकडचा. थुरिंगिया हा जर्मनीच्या मध्यावरचा मुलूख. या जातीच्या आडनावात एक गंमत असते. नगरमध्ये राहणाऱ्याचं आडनाव सहसा नगरकर पडत नाही. नगर सोडून पुण्या-मुंबईला बिऱ्हाड केलं की मग तो नगरकर होतो. म्हणजे गावाचं आडनाव हे गाव सुटल्याची नोंद असते. डोरिंगांच्या कोणा पूर्वजाने थुरिंगिया कधीतरी सोडलं म्हणून तर तो डोरिंग झाला. आणि हे सोडणं बिशपांच्या नशिबीही जणू लिहूनच आलं होतं. पहिलं महायुद्ध पेटलं आणि जर्मन बिशपाला पुण्याचे दरवाजे बंद झाले. इंग्रज सरकार परत येऊ देईना. मग १९२१ साली रोमने त्यांना कुठे पाठवावं? जपानात, हिरोशिमाला. तिथे काही वर्षं काढून १९२७ साली ते पुण्याला परत नेमले गेले आणि १९४८ पर्यंत राहिले. त्यांनी सोडलेल्या हिरोशिमाचं पुढे काय झालं ते त्यांनी पुण्यात बसून ऐकलं असणार.

१९१४ च्या त्या युद्धाची झळ नगरला दुहेरी लागली. एकीकडे जिल्ह्यातल्या खेड्यांत वर्षानुवर्षं राहिलेले जर्मन फादर एका रात्रीत 'शत्रूराष्ट्राचे नागरिक' ठरले. दुसरीकडे देशभरातून पकडून आणलेल्या जर्मनांसाठी छावणी उभी राहिली ती नगरलाच. व्यापारी, इंजिनिअर, खलाशी, प्राध्यापक, सगळे नगरच्या तारेच्या कुंपणात. १९१५-१६ मध्ये बऱ्याच मिशनरी मंडळींना जहाजात बसवून मायदेशी धाडण्यात आलं. त्या जहाजाचं नाव होतं 'गोलकोंडा'. जर्मन पाद्री, इंग्रज जहाज आणि नाव दख्खनच्या किल्ल्याचं.

त्याच सुमाराला जर्मन आडनाव असणं ही खुद्द इंग्रजांच्या राजवाड्यातही अडचण झाली होती. राजा पाचवा जॉर्ज याचं घराणं जर्मन, सॅक्स-कोबर्ग-गोथा. १९१७ साली त्याने ते नाव टाकलं आणि विंडसर हे नवं नाव घेतलं. त्याच्या नात्यातल्या बॅटनबर्ग घराण्याने तर आडनावाचं सरळ भाषांतर केलं. जर्मनमध्ये 'बर्ग' म्हणजे डोंगर, तो इंग्रजीत 'माउंट' झाला आणि पुढे आणून बसवला. बॅटनबर्गचे झाले माउंटबॅटन. तीस वर्षांनी त्याच घराण्याचा मुलगा व्हाइसरॉय होऊन दिल्लीत आला आणि आपल्या स्वातंत्र्याच्या कागदावर त्या भाषांतरित आडनावाची सही पडली. पाठ्यपुस्तकात माउंटबॅटन योजना पाठ करणाऱ्या आमच्या पिढीला कुणी सांगितलं नाही की हा डोंगर जर्मन आहे.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगाविशी वाटते, कारण या सगळ्या जर्मन नावांचं मर्म मला तिच्यातच दिसतं. ही नावं जिल्ह्यात जवळपास सव्वाशे वर्षं वावरली, पण रुजली एकाही घरात नाहीत.

गोव्यात आणि वसईत काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. पोर्तुगीज अंमलात बाप्तिस्मा घेतला की आडनावही बदलायचं. धर्मगुरूचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळायचं, म्हणून फर्नांडिस, लोपीस, डिसोझा यांच्या रांगा लागल्या. नगर जिल्ह्यात यातलं काहीही झालं नाही. इथे बाप्तिस्मा झाला तरी घरावरची पाटी साळवे, गायकवाड, शिंदे, त्रिभुवन, भालेराव अशीच राहिली. मुलाचं नाव योहान झालं, मुलीचं मार्था झालं, पण आडनाव आजोबांचंच. प्रॉटेस्टंटांकडेही तेच. नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले १८९५ साली, पण राहिले टिळकच. ज्या नावामुळे नातलगांनी दार लावलं तेच नाव त्यांच्या कवितेखाली शेवटपर्यंत राहिलं. वाइसहाउप्टने केंदळमध्ये कितीतरी जणांना बाप्तिस्मा दिला असेल, पण केंदळमध्ये एकही वाइसहाउप्ट नाही.

येशूसंघी धर्मगुरूला लग्न नाही, वारस नाही. तेव्हा त्याच्या आडनावाचा वंश त्याच्यापाशीच थांबतो. वसईच्या लोपीसने दिलेलं नाव चारशे वर्षं चाललं, नगरच्या बाखरचं नाव कुणाचंच झालं नाही. मला हे पटतं. आडनाव बदलायला लावलं की माणूस आपल्या गावात पाहुणा होतो. नगरच्या ख्रिस्ती माणसाला निदान ते सोसावं लागलं नाही. अर्थात जुनं आडनाव राहिलं म्हणजे त्याला चिकटलेली जातही राहिली, हेही खरं. आडनावावरून जात ओळखायची आपली खोड धर्म बदलल्याने सुटली नाही, आणि चर्चच्या बाकावर बसल्यानेही सगळ्यांची सुटली नाही.

जर्मनीत याबाबतीत वेगळी गत. पुण्याच्या शनिवार पेठेतल्या स्नेहसदनाचे फादर मॅथ्यू लेडर्ले हे जर्मन येशूसंघी. महाराष्ट्रातल्या आधुनिक तत्त्वविचारावर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १९७६ साली आलं. लेडर्ले या नावात 'लेडर' आहे, म्हणजे चामडं. शेवटचा 'ले' हा दक्षिण जर्मनीतला लाडाचा, लहानपणाचा प्रत्यय. कोणी पूर्वज कातडी कमावणारा असावा. त्या आडनावाचा माणूस शनिवार पेठेत बसून मराठी तत्त्वविचारावर बोलला आणि त्याच्या आडनावाचा अर्थ कुणाला विचारावासाही वाटला नाही. हाच अर्थ मराठी शब्दात उतरवून एखाद्याच्या दारावर लावला असता तर पेठेने कशा नजरेने पाहिलं असतं, त्याचा अंदाज वाचकाने करावा. आपल्याकडे अशा नजरेतून सुटायला कितीतरी घरांनी गावाचं नाव घेऊन शेवटी 'कर' लावला. सकपाळांच्या घरातल्या मुलाचं आंबडवे गावावरून आंबडवेकर झालं आणि त्याचं पुढे आंबेडकर, हे तर सगळ्यांनाच माहीत.

हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेशी जोडलेलं नाव फादर बाडर यांचं. ही यात्रा १९४९ पासून भरते, सप्टेंबरात सगळे रस्ते हरेगावकडे वळतात, आणि नवस बोलायला येणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात. बाडर म्हणजे न्हाणीघर चालवणारा. जुन्या जर्मन शहरात हा माणूस अंघोळीचं गरम पाणी द्यायचा, केस कापायचा, दाढी करायचा, दात उपटायचा, जखम बांधायचा आणि गरज पडली तर शीर तोडून रक्तही काढायचा. आपला न्हावी आणि वैदू एकत्र केला तर बाडर होईल.

आता पुन्हा ओढ्याकडे.

हर्मन बाखर भारतात आले १९४८ साली. देश स्वतंत्र होऊन वर्षच झालं होतं, डोरिंग पायउतार होत होते. जर्मनांच्या वाटेत दोन महायुद्धांनी काटे पेरले होते, पण स्वित्झर्लंड तटस्थ. भाषा जर्मन, आडनाव जर्मन, पासपोर्ट मात्र कुणाच्या डोळ्यांत न खुपणारा. हर्मन या नावाचा जुना अर्थ सैन्यातला माणूस. येशूसंघाचा संस्थापक इग्नाती लोयोला हाही मूळचा शिपाईच. पण या शिपायाची लढाई झाली ती मुरमाशी.

राहात्याचा माणूस ही लढाई सहजी समजू शकत नाही, मी स्वतःवरून सांगतो. आमच्याकडे पाणी येतं कालव्याने. नांदूर मधमेश्वरला गोदावरी अडवून काढलेला उजवा कालवा, आणि लोणीकडे प्रवरेचे कालवे. १९२६ साली भंडारदरा धरण पुरं झालं आणि प्रवरेचं पाणी खात्रीचं झालं. त्या पाण्यावर ऊस आला, उसामागे १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना आला. राहात्याचे पेरूही कालव्याच्याच पाण्यावर गोड झाले. आमच्या लेखी पाणी म्हणजे पाटकऱ्याची पाळी. पाळी आली की पाणी, चुकली की भांडण. पाणी आभाळातून पडतं आणि ते अडवावं लागतं हा विचार कालव्याच्या माणसाला सुचतच नाही.

आमच्या कालव्याच्या हद्दीपलीकडे, तासाभराच्या वाटेवर, संगमनेरचं पठार. तिथे पाऊस आधीच थोडा, आणि जो पडतो तो उघड्या उतारावरून माती घेऊन तासाभरात पळून जातो. पावसाळ्यात ओढ्याला लोंढा, दिवाळीनंतर ओढा कोरडा, होळीला टँकर. ओढे भरपूर, पाणी नाही. ओढ्याकाठचं आडनाव असलेला माणूस नेमका तिथे गेला.

बाखर बाबांनी नगरला सोशल सेंटर उभं केलं. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर जिल्ह्यात जिथे तिथे विहिरी खोदण्याचा सपाटा होता. पण विहीर म्हणजे जमिनीच्या बँकेतून पैसे काढणं. भरणारा कुणी नसेल तर किती दिवस काढाल? नगरजवळच्या पिंपळगाव वाघा या गावी सोशल सेंटरने भरण्याच्या बाजूचं काम हाती घेतलं. तोपर्यंत शेजारच्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांचं कामही लोकांच्या डोळ्यांपुढे आलं होतं. मग जर्मनीची मदत, नाबार्डची व्यवस्था आणि गावांचं श्रमदान यांची मोट बांधून 'इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम' उभा राहिला. या मोटेची कल्पना मुळात बाखर यांची. १९९३ साली, सत्तरी जवळ आलेली असताना, त्यांनी फादर क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर 'वॉटर' ही संस्था काढली, गावांना या कामासाठी तयार करायला. लोबो हे पोर्तुगीज आडनाव, अर्थ लांडगा. आपल्याकडे लांडगे आहेतच, तेव्हा त्याचं भाषांतर करायची गरज नाही.

कामाची रीत सांगण्यासारखी आहे. सुरुवात माथ्यावर, शेवट पायथ्याला. आधी डोंगराच्या उतारावर समपातळीत सलग चर, मग खाली शेतांची बांधबंदिस्ती, ओढ्याच्या वरच्या अंगाला दगडी बांध, मधे जाळीत बांधलेले गॅबियन, आणि सगळ्यांत शेवटी खाली मोठा बंधारा. आपल्याकडे सगळ्यांना आधी बंधारा हवा असतो, कारण त्याचं उद्घाटन करता येतं. चराचं उद्घाटन करायला कोण डोंगर चढणार? पण वर चर नसतील तर खालचा बंधारा दोन पावसांत गाळाने भरतो. पैशाआधी अटी होत्या: गावाने श्रमदान करून दाखवायचं, डोंगरावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, आणि कारभार गावाच्या पाणलोट समितीने बघायचा. चराईबंदी ही सगळ्यांत अवघड. शेळ्यांवर पोट असणाऱ्या माणसाला डोंगर बंद करायला सांगणं म्हणजे त्याच्या तव्यावर हात ठेवणं. या अटीवर गावोगाव किती रात्री भांडणं झाली असतील, त्याची बखर कुणी लिहिलेली नाही.

संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे या कार्यक्रमातलं नावाजलेलं गाव. २००१ साली तिथलं काम पुरं झालं. ज्या गावाला उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागे, तिथे विहिरींना पाणी टिकू लागलं आणि स्थलांतराला जाणाऱ्या घरांना आपल्याच शेतात काम मिळालं. आता तिथे इतर गावांचे लोक शिकायला जातात. ओढा बारमाही झाला असं मी म्हणणार नाही. नगरच्या पावसावर तेवढा विश्वास ठेवू नये. पण लोंढा पळून जायचा तो थांबून चालू लागला.

बाखर सहा दशकं भारतात राहिले आणि २०२१ साली गेले. ज्या जिल्ह्यात ते आले त्याचं नावही आता अहिल्यानगर झालं आहे. त्यांना जर्मन म्हणणारे कमीच, स्विस म्हणणारे त्याहून कमी. बाबा म्हणणारेच जास्त.

हे लिहिताना शाळेतली हजेरी आठवली. आमच्या वर्गात ओहोळ आडनावाचा एक मुलगा होता. पुणे, नगर, सोलापूरकडे हे आडनाव पुष्कळ आहे, कुठे ओहोळ, कुठे ओव्हाळ. मास्तर हजेरी घेताना कधी मुद्दाम लांबवून म्हणायचे, "ओ-हो-ळ", आणि मागच्या बाकावरची पोरं ओढ्याच्या पाण्याचा खळखळाट तोंडाने काढायची. तो बिचारा "हजर" म्हणून लगेच खाली बसायचा. त्याला किंवा आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं, की जिल्ह्यात पांढऱ्या झग्यातले एक बाबा फिरतात आणि त्यांच्या देशात याच आडनावाला बाखर म्हणतात, तर मास्तरांनी दोघांची नावं फळ्यावर एकाखाली एक लिहून दाखवली असती.

परवा त्याची गाठ पडली राहात्याच्या बाजारात. हातात पेरूंची पिशवी होती. मी त्याला हा सगळा हिशेब सांगितला. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे ते आमच्या भावकीतले निघाले की."

आणि पेरूवाल्याकडे वळून त्याने अजून अर्धा किलो तोलायला सांगितलं.